झाकण

लढाई संपली त्याच्या दुसऱ्या वर्षी
शहापुरात आमच्या दारावर पाटी होती:
खोली भाड्यानं देणे आहे.
वर मराठी, खाली कन्नड,
अप्पांनी चुन्यात काडी बुडवून लिहिलेली.
'देणे'वरची एक मात्रा ओघळून
पार खालच्या कन्नडात उतरलेली.

साखर रेशनवर होती. मी नऊ वर्षांची,
ओट्यावर कांड्या भरत बसलेली.
तो गल्लीत शिरला तसे माग थांबत आले,
त्या टोकाच्या घरापासून एकेक करत आमच्यापर्यंत.
खटखट अशी विझत येताना
मी पहिल्यांदाच ऐकली.

खाकी सदरा. खिशावर बिल्ला उसवल्याची भोकं.
बगलेत सुतळीनं बांधलेली कौदी.
केस कोकराचे, असं मला वाटलं
आणि हात लावून बघावासा वाटला,
हेही सांगून टाकते.

"नाव जुजे बस्त्याव," तो म्हणाला.
"ब्रह्मदेशात ट्रक चालवला चार वर्षं.
भाडं आगाऊ देतो की, बाय."

शेजारचे नाना ओट्यावर आलेच होते.
"मूळचा कुठला रे?"
"खानापूरच्या पल्याड. गुंजीच्या रानातला."
"त्याच्या आधी?"
"आजाही गुंजीचाच."
"त्याच्या आधी म्हणतोय मी."
तो जरा थांबला. "तुमी कुठले गा?"
नाना तंबाखू मळत राहिले.
नाना रबकवीचे. आम्हीपण.
येऊन पुरती वीस वर्षं झाली नव्हती.

अप्पांनी मला आत बोलावलं,
मागावरून नजर न उचलता म्हणाले,
"सांग जा, खोली गेली म्हणून."

मी सांगितलं.
त्यानं पाटीकडं बघितलं, मग माझ्याकडं.
"कधी गेली?"
"आत्ताच."
"पळत गेली असंल," म्हणाला,
"वाटेत गाठ पडली नाही."

पाणी मागितलं त्यानं.
आईनं उंबऱ्याच्या आतून, वरून धार धरली.
ओंजळीत पडलं त्याहून जास्त
कोपरावरून खाली गेलं.

समोरची बाळव्वा कन्नडातून काहीतरी बोलली,
नाना मराठीतून तेच बोलले.
पुढं ह्याच गल्लीत पाट्यांवरून डोकी फुटली,
एकमेकांच्या अक्षरांना डांबर फासलं गेलं.
त्या दुपारी मात्र
दुभाषा लागला नाही.

रात्री दिवा मालवल्यावर आई म्हणाली,
"त्या कौदीत आपला काठ होता."
"कुठला आपला?"
"आपल्या मागावरचा. डाळिंबी.
दोन वर्षांमागं गुंजीच्या सावकारीणबाईला दिलेलं लुगडं.
तिनं फाटल्यावर दिलं असंल कुणा भांडीवालीला.
चारी कोपऱ्यांना फुलं काढल्यात तिनं, बघितलास?
टाका काय बारीक हो."
अप्पा कूस बदलून म्हणाले,
"झोप आता."

तो कुठं राहिला, नक्की माहीत नाही.
रेल्वे फाटकाजवळ लष्करानं विकलेला एक ट्रक
पुढं कैक दिवस दिसायचा,
खानापूरचं लाकूड आणायचा
आणि रात्री त्याच्या काचेवर आतून
काहीतरी पांघरलेलं असायचं.
मी लांबून बघायची. रंग ओळखू यायचे नाहीत.

आमच्या खोलीत सूत भरलं.
भाडेकरू आलाच नाही कुणी,
अप्पांनी पाटी काढली, कडा तासल्या
आणि रांजणावर झाकण म्हणून ठेवली,
अक्षरं खालच्या बाजूला करून.

अप्पा गेले. माग मोडीत गेले.
रांजण मी लेकाच्या घरी आणलाय,
त्याला फ्रिजचं पाणी चालतं, मला नाही.
चुना कधीच उडाला.
पण काडी जिथं दाबली होती
तिथं लाकूड अजून खोल आहे.

तहान लागली की झाकण उचलते.
ओल्या बोटांना खालून लागतं,
खोली.
पुढचं मी वाचत नाही.